दृढीकरणानंतर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठांवर ऊस, दोन्हीकडे बिबट्याची धास्ती, आणि दोन्हीकडे आमची माणसं विखुरलेली. मी कॅथलिक धर्मशिक्षिका आहे. पोट शाळेतल्या नोकरीवर चालतं. रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांचा वर्ग, आठवड्यात जमेल त्या संध्याकाळी घरप्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी, असं हे दुसरं काम. न्हावरा, पारगाव, केडगाव, चौफुला हा रस्ता आता स्कूटरलाही पाठ झाला असेल.

आमची घरं इथं दोन वाटांनी आली. दौंडला रेल्वेनं आणली. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, दौंडचं जंक्शन झालं, आणि रेल्वेच्या नोकरीपायी गोव्याची, तमिळ, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबं क्वार्टर्समध्ये राहायला लागली. शिरूरकडची माणसं नगर रोडनं आली. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा इथल्या गावांतून, आधी पुण्याला आणि मग रांजणगावच्या एमआयडीसीत. ती माझ्याच मुलखातली. माझे आजोबा केंदळकडे ‘मास्तर’ होते. मास्तर म्हणजे मिशनचा प्रचारक: दिवसा मुलांना बाराखडी, रात्री कंदिलाच्या उजेडात प्रार्थना, आणि फादर महिन्यातून एकदा येईपर्यंत गावाचं सुखदुःख त्याच्याच गळ्यात. त्याच केंदळहून 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केलं होतं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. आजोबा निरोप्या मोठ्यानं वाचायचे, कारण ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे.

गावात नवीन ठिकाणी गेले की कुणीतरी विचारतंच, “बाई, तुम्ही लोकांचा धर्म बदलायला येता का?” विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. वातावरणच तसं आहे. मी सांगते की माझ्या वर्गात बसणारा प्रत्येक जण बाप्तिस्मा घेतलेलाच आहे. आईच्या कडेवर असताना त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं आणि नोंदवहीत नाव चढलं. माझं काम तिथून पुढचं आहे, आणि ते सगळ्यांत अवघड आहे असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

आमच्याकडे मुलं तिसरी-चौथीत पहिल्या कम्युनियनची तयारी करतात. आठवी-नववीत बिशप येतात, दृढीकरण होतं, फोटो निघतात, घरी मटणाचं जेवण होतं. आणि धर्मशिक्षण संपतं. त्यानंतर लग्नाच्या आधीचा छोटा वर्ग सोडला, तर मरेपर्यंत कुणी काही शिकवत नाही. नववीत पाठ केलेल्या उत्तरांवर माणूस नोकरी, कर्ज, आजारपण, भाऊबंदकी आणि म्हातारपण काढतो. मग चाळिशीत एखाद्या रात्री ती उत्तरं पुरत नाहीत आणि तो म्हणतो, माझी श्रद्धा गेली. श्रद्धा गेलेली नसते, ती वाढायची थांबलेली असते. हे मी फार घरांत पाहिलं आहे.

रांजणगावच्या एका खोलीतली गोष्ट सांगते. ज्याची आहे त्यानं लिहायला होकार दिला आहे, फक्त नाव नको म्हणाला.

ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ होता. सुट्टीचा वार म्हणून गुरुवारी रात्री घरप्रार्थना ठेवली होती. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर मतमाउलीचं कॅलेंडर, कोपऱ्यात गॅस. जपमाळ सुरू झाली. घरधनी दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो सीएनसी मशीनवर ऑपरेटर. कूलंटमध्ये हात बुडवून नखांच्या कडा काळ्या पडलेल्या. बाकीचे ‘नमो मरिये’ला उत्तर देत होते, त्याचे ओठ बंद. चहा झाला, सगळे उठले. मी स्कूटर काढायला गेले तेव्हा तो मागे आला.

“बाई, कन्फेशनच्या आधीची ती प्रार्थना मला लिहून द्याल? सुरुवात आठवते, पुढचं जातं.”

“देते की. शेवटचं कधी गेला होतात, दादा?”

“लग्नाच्या आदल्या दिवशी.”

त्याचा थोरला त्या वर्षी बारावीला होता.

तो कन्फेशनला गेला. पापनिवेदन फादर आणि त्याच्यामधलं, त्यात मी कुठंच नाही. पण ईस्टर झाल्यावर त्यानं आपण होऊन सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक अख्खा लॉट रिजेक्ट झाला होता. ऑफसेट चुकीचा टाकला होता यानं. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा हा गप्प राहिला, आणि शेजारच्या ठेकेदारी हेल्पर पोराचं नाव पुढे आलं. पोराचा गेटपास काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तेवढंच. कुणी काही बोललं नाही. “मिस्साला जात होतो बाई,” तो म्हणाला, “पण कम्युनियनच्या रांगेत उभं राहिलं की ते पोरगं दिसायचं. मग रांगेत जाणं सोडलं. मग मिस्साला जाणंच सोडलं.”

पापनिवेदनानंतर त्यानं त्या पोराचा नंबर मिळवला. पोरगं आता पोरगं राहिलं नव्हतं, जालन्याकडे वेल्डिंगचं दुकान टाकून बसलं होतं. पहिल्यांदा फोन केला तेव्हा समोरच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या वेळी बोलला. माफ केलं असं म्हणाला नाही. “त्या वेळी माझी बहीण लग्नाची होती,” एवढंच म्हणाला.

मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण मनपरिवर्तनाच्या ज्या साक्षी प्रार्थनासभांमध्ये ऐकायला मिळतात त्यांचा शेवट टाळ्यांनी होतो. इथे टाळ्या नव्हत्या. माणूस अजूनही तापट आहे, ओव्हरटाइम मिळाला तर रविवारची मिस्सा अजूनही बुडवतो. पण आता लॉट फेल गेला की हा आधी आपलं नाव सांगतो, आणि नवीन आलेल्या हेल्परला सेटिंग शिकवतो, ज्यानं त्याचं स्वतःचं महत्त्व कमी होतं. शिफ्टमधले लोक त्याला वेडा म्हणतात. दर प्रायश्चित्तकाळात तो पापनिवेदनाला जातो, आणि दर वेळी काही ना काही नवं सापडतं असं म्हणतो. आधी जे पाप वाटतच नव्हतं ते आता टोचायला लागलं आहे. माझ्या मते श्रद्धा खोल जाण्याची ही सगळ्यांत खरी खूण आहे.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप असलेल्या संत अँब्रोज यांनी ख्रिस्तसभेजवळ दोन गोष्टी असल्याचं लिहून ठेवलं आहे: बाप्तिस्म्याचं पाणी आणि पश्चात्तापाचे अश्रू. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात याच विचाराचा आधार घेऊन बाप्तिस्म्यानंतरच्या दुसऱ्या परिवर्तनाविषयी सांगितलं आहे, आणि ते कधीच न संपणारं काम आहे, एकट्यादुकट्याचं नाही तर सगळ्या ख्रिस्तसभेचं आहे, असंही म्हटलं आहे. पाण्याचं काम फादर पाच मिनिटांत करतात. अश्रूंचं काम माणसाबरोबर कुणीतरी बसून करावं लागतं, आणि बसायला आमच्याकडे माणसं नाहीत.

दौंडला परिस्थिती वेगळी. रांजणगावला कारखान्याची शिफ्ट निदान ठरलेली असते, इथं रेल्वेच्या रनिंग स्टाफला तेही नाही. कधी कॉल येईल, कुठल्या रनिंग रूममध्ये रविवार उजाडेल, सांगता येत नाही. एका लोको पायलटच्या घरी मी त्याच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनसाठी जात होते. तो मला म्हणाला, “टीचर, मला मिस्सा मिळत नाही, तर मी काय करू?” मी त्याला संत इग्नाशियस यांनी घालून दिलेलं रोजचं आत्मपरीक्षण एका कागदावर लिहून दिलं. आधी दिवसभराबद्दल आभार मानायचे, मग उजेड मागायचा, दिवस पहिल्यापासून आठवायचा, चुकलं तिथं क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ मागायचं.

त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, हे आम्ही केबिनमध्ये करतोच. मग त्यानं समजावून सांगितलं. सिग्नल दिसला की पायलटनं तो मोठ्यानं पुकारायचा आणि सहायकानं परत म्हणायचा. दिसला, कळला, असं मनात धरून चालत नाही. तोंडानं म्हणावं लागतं, दुसऱ्यानं ऐकावं लागतं. त्यानं आपल्या आत्मपरीक्षणालाही तीच शिस्त लावली. दौंडहून मालगाडी घेऊन मनमाडकडे निघाला की काष्टीला बायकोसाठी, श्रीगोंदा रोडला आईसाठी, पुढं एकेका स्टेशनाला एकेक नाव. सहायक हिंदू, माळकरी. त्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. तोही आपलं नामस्मरण करू लागला.

काही महिन्यांनी तो एका संध्याकाळी स्वतःहून बोलला. बेलवंडीच्या पुढं एका ठिकाणी, बऱ्याच वर्षांपूर्वी, पहाटेच्या वेळी एक माणूस रुळांवर येऊन उभा राहिला होता. ब्रेक लावला तरी एवढी मोठी गाडी थांबायला अंतर लागतं. माणसानं इंजिनाकडे तोंड केलं होतं, त्यामुळे चेहरा दिसला. जबाब झाले, दोष कुणाचा नाही असं ठरलं, दोन दिवसांनी हा पुन्हा ड्यूटीवर. त्या किलोमीटरच्या खांबापाशी आलं की तो डोळे सिग्नलवर ठेवून आतून दुसरीकडे पळायचा. “आता तिथं त्याच्यासाठी प्रार्थना म्हणतो,” तो म्हणाला. “नाव माहीत नाही. तू कोण होतास, देव तुला जवळ घेवो, एवढंच.”

त्याच्या बायकोला हे तोपर्यंत माहीत नव्हतं. ती गॅसपाशी उभी राहून ऐकत होती.

अशा वेळी मी काही शिकवत नाही. मी फक्त तिथे असते. आजोबांच्या वेळचे मास्तरही बहुतेक हेच करत असणार, कारण त्यांच्याजवळ पुस्तकं तरी किती होती.

दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना मी एकदा केडगावला मुक्ती मिशनमध्ये नेलं. आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही, कारण ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. मुलांनीही तिथं तेच विचारलं. “टीचर, या आपल्या नव्हत्या, मग आपण इथं का आलो?” मी त्यांना आवारातच बसवून सांगितलं. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणलं, विधवांना शिकवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि एवढं सगळं चालू असताना, 1891 मध्ये, विल्यम हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन धर्मगुरूचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस बरीच वर्षं प्रवचनं देत होता आणि त्याला खरी श्रद्धा सापडली ती स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी. ते वाचून रमाबाईंच्या लक्षात आलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळायचा आहे. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवलं. दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावची वसाहत, तिथल्या छापखान्यात मुलींनीच जुळवलेले खिळे, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आधीची आठ वर्षं त्या खोट्या ख्रिस्ती होत्या?”

चौदा वर्षांच्या पोरीनं विचारलेला हा प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे. मी तिला म्हटलं, नाही. पेत्राचं बघ. तळ्याकाठी जाळी टाकून तो येशूमागे गेला, ते खरं होतं. पुढं अंगणात शेकोटीपाशी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, आणि मग बाहेर जाऊन रडला. पुन्हा तळ्याकाठी येशूनं त्याला तीनदा विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. पहिलं बोलावणं खोटं असतं, तर त्याच माणसाला पुन्हा विचारलं नसतं. बाप्तिस्म्याचा ठसा कधी पुसला जात नाही, असं आपण कॅथलिक मानतो. त्यातली कृपा उमलायला कुणाला आठ वर्षं लागतात, कुणाला साठ.

एका बाबतीत मात्र मला रमाबाईंपेक्षा वेगळं वाटतं. त्यांना आपलं वळण एका सालात, एका पुस्तकात बोट ठेवून दाखवता आलं. आमच्या बहुतेकांना असं साल नसतं. मला तर नाहीच. मी शोधलं तर आजोबांचा आवाज सापडतो, आईचं फाटकं प्रार्थनापुस्तक सापडतं, आणि मग पुष्कळ साधे रविवार. साल नाही म्हणून आपलं परिवर्तन झालंच नाही असं समजून किती जण उगीच खिन्न होतात. त्यांना मला सांगायचं आहे की हळूहळू होणारं परिवर्तन कमी प्रतीचं नसतं.

2020 मध्ये चर्चं बंद झाली. त्या वर्षी आम्ही ईस्टर घरात केला, मोबाईलच्या पडद्यावर मिस्सा पाहून. त्याच काळात वडील गेले, माती द्यायला मोजकी माणसं. त्यानंतर बराच काळ प्रार्थना अगदी कोरडी झाली. जपमाळ हातात, ओठ हलतात, समोर कुणी आहे असं वाटत नाही. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी अनेक दशकं असाच अंधार सोसल्याचं त्यांत कळतं, आणि तरी त्या पहाटे उठून चॅपेलमध्ये जात राहिल्या, मग रस्त्यावरच्या माणसांकडे. मला त्यांच्या नखाचीही सर नाही, पण त्या पत्रांमुळे मला एवढं कळलं की कोरडेपणा म्हणजे देवानं टाकून देणं नव्हे. मला सावरलं ते मुलांच्या वर्गानं. रविवारी शिकवायचं म्हणून शनिवारी रात्री बायबल उघडावं लागे. आवडलं म्हणून नव्हे, मुलं येणार म्हणून. असं करता करता कधीतरी वाचताना पुन्हा मन लागू लागलं. नेमकं कधी ते सांगता येणार नाही.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंडला मुक्काम असतो. आमच्यातले काही जण वारकऱ्यांना पाणी आणि केळी वाटायला जातात, मीही जाते. 2009 ते 2023 पर्यंत पुणे धर्मप्रांताचे बिशप असलेल्या थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर पीएच.डी. केली आहे, त्यामुळे इथल्या कॅथलिकांना तुकोबा परके नाहीत. वरवंडला एका माउलीला मी विचारलं होतं, दरवर्षी एवढं चालत का जाता? ती म्हणाली, “वर्षभरात मन परत संसारात रुततं गं, म्हणून जायचं.” आमचा प्रायश्चित्तकाळही दरवर्षी येतो तो याचसाठी. ईस्टरच्या जागरणात हातात मेणबत्ती घेऊन आम्ही सगळे बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं देतो. नव्वदीची आजीसुद्धा देते. एकदा दिली ती पुरे, असं ख्रिस्तसभा कुणालाच म्हणत नाही.

मग धर्मशिक्षणाच्या बाबतीतच आपण ‘एकदा दिलं ते पुरे’ असं का म्हणतो? 10 मे 2021 ला पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला ख्रिस्तसभेतली रीतसर सेवा म्हणून मान्यता दिली. सामान्य प्रापंचिक स्त्री-पुरुषांसाठी ती आहे. पण आमच्याकडे धर्मशिक्षक म्हटलं की अजूनही लहान मुलांची टीचरच डोळ्यांपुढे येते. मोठ्यांचा वर्ग काढा म्हटलं की उत्तर मिळतं, येणार कोण? येतात. त्यांच्या सुट्टीच्या वारी, त्यांच्या शिफ्टनंतर, त्यांच्या खोलीवर गेलं तर येतात. पापनिवेदनाची वेळ मिस्साच्या आधीची दहा मिनिटं न ठेवता आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवली, तर ज्यांनी वीस-वीस वर्षं पाय ठेवला नाही तेही दाराशी येतात. फादरांवर कामाचा बोजा किती आहे हे मी जवळून पाहते, तरीही हे मागणं मागते.

आणि वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तुमचं शेवटचं धर्मशिक्षण नववीत झालं असेल, तर येत्या रविवारी फादरांना भेटून मोठ्यांचा वर्ग मागा. शिकवायला कुणी नाही म्हणाले, तर तयारी करायला स्वतःचं नाव द्या. फार माणसं जमायला हवीत असं नाही. रांजणगावला आमच्या वर्गात सहा-सातच जण असतात, आणि तो दर गुरुवारी रात्री भरतो.